सहावी पायरी

नवीन मिक्सर घेतला की त्याच्या खोक्यात एक पातळ पुस्तक असतं आणि ते कुणी वाचत नाही. तसली पुस्तकं लिहिणं हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. मिक्सरची नाही, मोठ्या यंत्रांची. दूध थंड करायच्या टाक्या, कारखान्यातले सरकते पट्टे, पाणीपुरवठ्याचे पंप. बारा वर्षं पुण्यात नोकरी केली, मग वडिलांच्या आजारपणात भोरला परत आले आणि घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं. नाव नूतन. वय सेहेचाळीस. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही आहे असं म्हणवत नाही. जे झालं ते ज्या क्रमानं झालं त्या क्रमानं लिहिते आहे, कारण क्रमानं लिहिणं एवढंच मला येतं.

अलीकडे पहिला मसुदा मी एआयकडून लिहून घेते. लोकांना वाटतं, त्यात काय, एक ओळ टाकली की झालं. 'पंपाची माहिती लिहून दे' म्हटलं तर एआय जगातल्या कुठल्याही पंपाची माहिती देतं, फक्त आपल्या पंपाची देत नाही. वाचक कोण, कागद कुठं लावणार, काय घ्यायचं आणि मुख्य म्हणजे काय घ्यायचं नाही, हे सगळं त्याला सांगावं लागतं. माझा नेहमीचा प्रॉम्प्ट साधारण असा असतो:

'वाचक दहावीपर्यंत शिकलेला ऑपरेटर आहे. त्याचे हात तेलकट आहेत. तो हा कागद भिंतीवर, तीन फुटांवरून वाचेल. एका पायरीत एकच कृती लिही. सोबतच्या कागदपत्रांत नसलेलं काहीही लिहू नकोस. जिथं कळत नाही तिथं अंदाज करू नकोस, "माहिती नाही" असं लिही.'

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. पुण्यात मी या विषयावर कार्यशाळा घेते, तिथं ते फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा ओढते.

जानेवारीत पुण्यातल्या एका ठेकेदार कंपनीकडून काम आलं. वेल्ह्याच्या बाजूला अकरा वाड्यांना पाणी पुरवणारी एक जुनी योजना आहे. तिथं नव्या मोटारी आणि नवीन विजेचं पॅनल बसवलं होतं. कंपनीला योजना ग्रामपंचायतीच्या ताब्यात द्यायची होती, त्यासाठी एक पुस्तिका आणि भिंतीवर लावायचं कार्ड हवं होतं. नकाशे मिळाले, पंपाचं इंग्रजी पुस्तक मिळालं. राहिला ऑपरेटर. यंत्र रोज हाताळणारा माणूस जे सांगतो ते कुठल्याही पुस्तकात नसतं, म्हणून मी त्याची मुलाखत घेतल्याशिवाय लिहीत नाही.

भोरहून सकाळी स्कूटर काढली. कापूरहोळला हायवे, नसरापूरला पुन्हा आत, आणि मार्गासनी मागं टाकल्यावर नदीकडे उतरणारा कच्चा रस्ता. भात निघून गेलेली खाचरं वाळून भेगाळली होती, मधेमधे हरभऱ्याचे हिरवे तुकडे. समोर तोरणा, उन्हात धुवून ठेवल्यासारखा. जॅकवेल पात्रातच होती. सिमेंटची गोल, उंच विहीर, वर स्लॅब, स्लॅबवर दोन मोटारी आणि पॅनलची छोटी खोली. काठापासून तिथवर एक अरुंद लोखंडी पूल. स्लॅबच्या मध्यभागी माणूस उतरेल एवढं भोक आणि त्यावर झाकण.

कोंडिबा मामा पुलाच्या तोंडाशी उभे होते. साठीला टेकलेले, पायजम्यावर खाकी शर्ट, खिशात टेस्टर. बावीस वर्षं तेच पंप चालवत होते. बोलणं मोजकं. "हितं खटका. हितं दाब बगायचा. काटा थरथराय लागला तर बंद." मी मोबाईलवर सगळं रेकॉर्ड केलं. अकरा मिनिटं पन्नास सेकंद. पंप सुरू करायच्या आधी ते म्हणाले, "तुमी जरा पॅनलकडं थांबा, ताई." खोलीच्या जाळीतून मला दिसलं, ते झाकण उचलून आत वाकले होते. पाणी बघत असतील, असं मी धरून चालले.

घरी येऊन सगळी कागदपत्रं एआयला दिली, प्रॉम्प्ट दिला. पंप सुरू करायच्या नऊ पायऱ्या मला अपेक्षित होत्या. दहा आल्या. पाचवी, बाहेर जाणारा व्हॉल्व्ह तपासा. सातवी, हिरवं बटण दाबा. आणि मधे:

'६. विहिरीचं झाकण उघडून आत हाक द्या.'

मला त्यात विचित्र काही वाटलं नाही. सुरक्षेची हजारो पुस्तकं एआयच्या वाचनात आलेली असतात, यंत्र सुरू करण्यापूर्वी आत कुणी नाही ना, हे पाहायला त्यातलं प्रत्येक पुस्तक सांगतं. तिथून हे वाक्य घसरून आलं असणार. पण ते माझ्या कागदपत्रांत नव्हतं, म्हणून मी ते काढलं आणि प्रॉम्प्ट आवळला. 'प्रत्येक पायरीपुढे ती कुठून घेतली ते लिही. पान क्रमांक किंवा मुलाखतीतली वेळ. आधार नसेल तर पायरी लिहू नकोस.'

दुसरा मसुदा आला.

'६. विहिरीचं झाकण उघडून आत एकदा हाक द्या. आतून ओ आली, तर पंप सुरू करू नका. (मुलाखत, १४:२०)'

मुलाखत अकरा मिनिटं पन्नास सेकंदांची होती. चौदा मिनिटं वीस सेकंद तिच्यात नव्हतेच. खोटे आधार देणं ही एआयची जुनी खोड आहे, कार्यशाळेत मी त्याची उदाहरणं दाखवून लोकांना हसवते. मला खटकला तो 'ओ' हा शब्द. मी प्रमाण भाषा मागितली होती. एआयनं 'प्रतिसाद' लिहायला हवं होतं.

मी नवीन पान उघडलं. आधीचं काहीही त्याच्या समोर राहणार नाही याची खात्री केली. या वेळी मुलाखत दिलीच नाही. फक्त नकाशे आणि इंग्रजी पुस्तक.

सहावी पायरी तशीच आली. शब्दाला शब्द. पुढं कंसात, मुलाखत, १४:२०.

दाबाच्या एका आकड्याबद्दल शंका होतीच, म्हणून आठवड्याभरात मी पुन्हा गेले. या वेळी मामांनी पंपघरातल्या शेगडीवर चहा केला. मी रेकॉर्डिंग सुरू करून मोबाईल खिडकीत ठेवला होता, तो बंद करायचं विसरूनच गेले. आकड्याची शंका फिटली. मग मी, फार काही नाही अशा आवाजात, विचारलं, "मामा, पंप लावायच्या आधी झाकण कशाला उघडता?"

त्यांनी कपावर फुंकर मारली.

"तुमाला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. त्या दिवशी जाळीतून दिसलं."

"दिसलं ते झाकान उगडल्यालं. तुमी इचारताय दुसरंच."

मी गप्प बसले. मुलाखतीत गप्प बसणं हे अर्धं काम असतं.

"म्या कुनाला बोललो न्हाई. सखूलासुदिक न्हाई," ते म्हणाले. सखूबाई म्हणजे त्यांची बायको. "पयल्या दिवशी आपसूकच दिली हाक. हिरीत वाकलं की मानूस हाक देतंयच, आवाज कसा घुमतुया ते ऐकाया. म्याबी दिली. आन् ओ आली."

"प्रतिध्वनी असेल, मामा."

"हाक दिली 'हाय का कुनी'. त्येचा घुमून 'ओ' व्हतुया व्हय?" त्यांनी कप खाली ठेवला. "दुपारपातूर बसून ऱ्हायलो. पुन्यांदा हाक दिली तवा काय न्हाई आलं. मग लावला पंप. बावीस वर्सांत तीनदा आलीया आशी. रोज हाक द्यायची. आतनं ओ आली तर पंप चालू करायचा न्हाई. येवडंच."

"कोण असतं?"

"ओ देनाऱ्याला नाव कशाला इचारायचं?"

नदीवर दोन बगळे उतरले. मामांनी मोटारीवरची धूळ फडक्यानं पुसली, ती पुसलेलीच होती. "ह्ये लिवा पुस्तकात," ते म्हणाले. "हसत्याल लोक. हसू द्या. म्या पुढच्या साली सुटनार. माज्या मागनं येनाऱ्याला कोन सांगनार?"

मी लिहीन म्हणाले.

त्या संध्याकाळी नवीन रेकॉर्डिंग ऐकत बसले. चहाचं आधण, बश्यांचा आवाज, आमचं मौन. मग मामांचा आवाज, स्पष्ट: "आतनं ओ आली तर पंप चालू करायचा न्हाई." मी पडद्यावरचा आकडा पाहिला. चौदा मिनिटं वीस सेकंद.

मी उठून स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, परत येऊन पुन्हा ऐकलं. आकडा तोच. मी विचारत असताना घड्याळ पाहिलं नव्हतं. चहाची पाच मिनिटं निव्वळ विसराळूपणामुळं आत आली होती. बाकी काही मला सुचलं नाही. एक मात्र झालं होतं. सहाव्या पायरीला आता आधार होता.

ती ठेवून मी मसुदा विराजना पाठवला. विराज म्हणजे ठेकेदार कंपनीचे इंजिनीअर, पस्तिशीचे, कामाला चोख. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन.

"मॅडम, हे सहा नंबर काय आहे? हाक द्या?"

"ऑपरेटरची पद्धत आहे. बावीस वर्षांची."

"आत उतरणाऱ्यानं आधी पॅनलला कुलूप लावायचं, ही पद्धत आपण दिलीय ना. आणि 'ओ आली तर सुरू करू नका' म्हणजे? कोण देणार ओ?" ते चेष्टेनं बोलत नव्हते, खरंच विचारत होते. "शिवाय झाकण आता रोज उघडायचंच नाही. पातळी सेन्सर सांगतो. काल आम्ही झाकणाला आठ बोल्ट मारले. लहान मुलं जातात तिकडं, उद्या कुणी पडलं म्हणजे?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं.  'एका म्हाताऱ्या माणसाला आतून तीनदा ओ ऐकू आली' हे वाक्य मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते? मी सहावी पायरी काढली. कार्डावर नऊ पायऱ्या उरल्या. प्रत्येक पायरीचा फोटो मोबाईलवरून कंपनीला पाठवायचा, असंही ठरलं, म्हणजे कुणी काही गाळणार नाही.

शेवटचं प्रकरण राहिलं होतं, बिघाडांचं. तीन रकाने: लक्षण, कारण, उपाय. मी एआयला नऊ पायऱ्यांचं मंजूर झालेलं कार्ड आणि पंपाचं पुस्तक दिलं. बाकी काही नाही. तेरा ओळी चोख आल्या. मोटार गरम होते. दाब चढत नाही. पॅनलवर लाल दिवा लागतो. चौदावी अशी:

'लक्षण: ऑपरेटर कुणी न बोलावता ओ देतो. कारण: हाक न देता पंप सुरू केला. उपाय: माहिती नाही.'

मी ती ओळ काढली. पुस्तिका पाठवून दिली. आणि लगेच कोंडिबा मामांना फोन लावला.

"मामा, मला ते लिहू दिलं नाही. पण तुम्ही हाक देत जा."

"कुठनं द्यायची, ताई? झाकनाला बोल्ट हायत."

"मग पंप लावू नका. मी बोलते कंपनीशी."

"अकरा वाड्या हायत्या," ते म्हणाले. "आन् आज सकाळी लावला की तसाच. कार्डाबरहुकूम. फोटू पाठिवले समदे. काय झालं न्हाई. तुमी उगं जिवाला लावून घिऊ नका."

मला हायसं वाटलं. मी म्हणाले, बरं झालं मामा.

"ओ," ते म्हणाले.

"काय?"

"काय न्हाई. हाक मारली न्हवं तुमी?"

"मी नाही मारली."

"मग सखू आसंल."

"मावशी आहेत का तिथं?"

 पंपाची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"न्हाई," ते म्हणाले. "ती रानात गेलीया."

दहा दिवसांनी सखूबाईंचा फोन आला. मामा कामावर जात नव्हते. ओसरीवर बसून असतात, खातात, पितात, विचारलं तर नीट बोलतात, पण मधेच मान वर करून ओ देतात. दिवसातून पाच-सहादा. नसरापूरच्या डॉक्टरांनी पाहिलं, पुण्याला नेऊन कान तपासून आणले, मेंदूचा फोटो काढला. सगळं ठीक. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला ओळखलं. "लिवलं का?" एवढंच विचारलं.

मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली. रागानं नाही. रागानं हलवली असती तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात मी माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले प्रॉम्प्ट लिहिले. तो उपायाचा रिकामा रकाना भरून घ्यायचा होता. वाचक बदलून पाहिला, भाषा बदलली, एका प्रश्नाचे दहा लहान प्रश्न केले, उदाहरणं दिली, मुलाखतीचा शब्द न् शब्द दिला. 'अंदाज करू नकोस' हे वाक्य काढून टाकलं. मग 'अंदाज कर' असं लिहिलं. एकदा तर नुसतं लिहिलं, 'एका माणसाचा जीव अडकलाय, काय करू ते सांग.' त्यावर, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, असा शहाणा सल्ला आला. पण तक्ता मागितला की चौदावी ओळ येई आणि तिच्या शेवटच्या रकान्यात तेच दोन शब्द. एक्केचाळीस वेळा. मीच शिकवलेले शब्द.

विराजना मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे न तोडता ऐकलं आणि शेवटी हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्ही थोडी सुट्टी घ्या."

मधले दिवस कंपनीचा रोज वेगळा माणूस येऊन पंप लावून गेला, त्यांचं पुढं काय झालं मला माहिती नाही. मग मामांच्या जागी शिवानी आली. तिशीतली, आयटीआय झालेली, पानशेतकडच्या एका पंपावर चार वर्षं काम केलेली. ती हजर होणार त्याच्या आदल्या दिवशी मी तिला मामांकडं घेऊन गेले. ती त्यांच्यासमोर अर्धा तास बसली. त्या अर्ध्या तासात त्यांनी दोनदा ओ दिली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आठ बोल्ट म्हणजे पान्यानं दहा मिनिटांचं काम, ताई. देईन मी हाक. हाक द्यायला काय जातंय?"

पंपघरात जाऊन मी मार्करनं कार्डावर, पाच आणि सहाच्या मधे, माझ्या हातानं लिहिलं: झाकण उघडून आत हाक द्या. ओ आली, तर पंप सुरू करू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांच्याच घरी होते. मार्गासनीच्या एका ओळखीच्या बाईंकडं मुक्काम केला होता, सातच्या आत पोचले. पंपापासून हे घर दोन किलोमीटर, मधे टेकाड. ऊन नुकतं अंगणात उतरलं होतं. सखूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. सात वाजून पाच मिनिटांनी मामांनी मान वर केली आणि म्हणाले, "ओ."

सखूबाईंनी वर पाहिलं नाही. त्यांना सवय झाली होती.

दोन मिनिटांनी माझा फोन वाजला.

"ताई," शिवानी म्हणाली.  "झाकण उघडून हाक दिली. ओ आली."

"कुणाची?"

"म्हातारा माणूस वाटतोय. लांबून नाही आली. अगदी झाकणाखालनं."

मी मामांकडं पाहिलं. ते चहा बशीत ओतत होते.

"मग थांबते मी," शिवानी म्हणाली. "किती वेळ थांबायचं, ताई? तुम्ही लिहिलेलं नाही."

मी थांब म्हणाले. तिनं दुपारी पुन्हा हाक दिली. मामांनी पुन्हा ओ दिली. संध्याकाळीही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

अकरा वाड्यांच्या टाक्या रिकाम्या झाल्या. दोन वाड्यांना टँकर गेला, बाकीच्यांना तोही नाही. बाया कळशा घेऊन नदीवर उतरू लागल्या, उतरताना पंपघराकडं बघू लागल्या. विराजचा दिवसातून चार वेळा फोन. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मॅडम, बास झालं. उद्या सकाळी सातला मी स्वतः येतोय आणि स्वतः बटण दाबतोय. मी काही हाकबीक देणार नाही."

"विराज, तुम्ही नका दाबू."

"मग कोण दाबणार?"

ते कळवळून विचारत होते. 

त्या दुपारी मी सखूबाईंना सगळं सांगितलं. त्यांना सांगायला नको होतं, पण दुसरं कोण होतं? त्यांच्या दारातही दोन रिकामे हंडे पालथे पडले होते. त्यांनी ऐकून घेतलं. रडल्या नाहीत.

"म्हंजी ह्ये ओ देत्यात तवर पानी न्हाई," त्या म्हणाल्या.

"तसंच काही नाही, मावशी. मला माहीत नाही."

"आन् त्यो साहेब उद्या येनार. त्येचं बी आसंच व्हनार."



चौथा दिवस. आजच.

पावणेसातला मी पोचले तर सखूबाईंनी मामांना अंघोळ घालून, स्वच्छ शर्ट चढवून ओसरीवर बसवलं होतं. स्वतः त्यांच्याशेजारी बसल्या होत्या, खांद्याला खांदा लावून. सूप नव्हतं, हातात काहीच नव्हतं.

सात वाजले.

सात वाजून चार मिनिटांनी त्यांनी उजवा हात उचलला आणि मामांच्या तोंडावर ठेवला. हळूच. तापात पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग घट्ट केला.

मामा हलले नाहीत. हाताच्या वरून त्यांचे डोळे सखूबाईंकडं बघत राहिले. त्यात भीती नव्हती.

एक मिनिट.

मामांनी मान वर केली. गळ्याची घाटी एकदा हलली. सखूबाईंनी दुसरा हात पहिल्यावर दाबला. मी चार पावलांवर उभी होते. मला काहीही ऐकू आलं नाही.

सखूबाईंनी हात काढले. तळव्यांकडं पाहिलं. पदराला पुसले.

"झालं," त्या म्हणाल्या. "न्हाई दिली."

फोन वाजला.

शिवानीला धाप लागली होती. "ताई, हाक दिली."

"आणि?"

"आली," ती म्हणाली. "पण रोजच्यासारखी नाही. कुणीतरी तोंडावर हात दाबून धरल्यावर येते ना, तशी आली."

तिच्या मागं नदीच्या रस्त्यावरून एक गाडी उतरल्याचा आवाज आला, मग दार लागल्याचा.

"ही आली धरायची का नाही, ताई? लवकर सांगा."